दुखण्याची मोजदाद आणि तरुण संशोधकांचे शिक्षण



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांनी मला याच इमारतीत तीन वर्षे गणित शिकविले. त्यांची शिस्त, त्यांचे पाढ्यांचे वेड, पदरमोड करून त्यांनी शिकविलेली मुले यांविषयी यापूर्वीच्या वक्त्यांनी सांगितले आहेच. मला मात्र त्यांचे हात आठवतात. बाई खडू चिमटीत धरीत नसत, मुठीत धरीत. उजव्या हाताची बोटे करंगळीच्या बाजूला कललेली होती आणि बोटांच्या मुळाशी सूज असे. पहिल्या तासाला त्यांचे फळ्यावरचे अक्षर वेडेवाकडे येई. तोच हात दुपारच्या तासाला पुष्कळ सरळ लिही. सकाळी बाईंचे मन ठिकाणावर नसते, असा आम्ही त्याचा अर्थ लावला होता. मधल्या सुट्टीत मुठीत खडू धरून त्यांची नक्कल करणाऱ्यांत मीही होतो. गावात एवढेच म्हणत, "बाईंना वात आहे." त्यापलीकडे कोणी काही विचारले नाही आणि बाईंनीही सांगितले नाही.

संस्थेने विषयाची मोकळीक दिली तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील बोलींवर बोलेन, अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. मी निवडलेला विषय ऐकून ते क्षणभर थांबले. सांधे, स्नायू आणि हाडे यांचे विकार लोकांमध्ये किती आहेत, कोणाला होतात आणि का होतात, याचा शोध घेणाऱ्या तरुण संशोधकांना कसे तयार करावे, हा तो विषय. माझी पीएच.डी. बोलीभाषांवरची. वैद्यकात माझा अधिकार शून्य. तथापि एका तरुण संशोधिकेच्या शिक्षणाचा एक कोपरा मला अलीकडे अगदी जवळून पाहावयास मिळाला, आणि त्यात माझी चांगलीच फजिती झाली. त्या फजितीच्या आधारावरच मी बोलणार आहे.

प्रथम शास्त्राच्या नावाविषयी थोडे. आपल्याकडे त्याला साथरोगशास्त्र म्हणतात. शब्द रूढ झाला आहे. पण सांधेदुखीची साथ येत नाही. २००६ च्या सुमारास चिकुनगुनियाने घरोघरी माणसे अंथरुणाला खिळविली आणि कित्येकांचे सांधे पुढे महिनोन्‌महिने दुखत राहिले, तो अपवाद. मूळ ग्रीक शब्दात साथ नाहीच. 'लोकांवर जे येते' एवढाच त्याचा अर्थ. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे, तोही लोकसमूहाच्या आजाराचाच विचार करतो. या शास्त्राचा रोगी म्हणजे एक माणूस नव्हे, एक गाव. गावाची नाडी पाहावयाची तर निरोगी माणसाच्या दारातही जावे लागते, आणि नवशिक्या डॉक्टरला नेमके हेच अवघड जाते. त्याचे सारे शिक्षण दारात आलेल्या रोग्याकडे पाहण्याचे असते. न आलेल्याकडे पाहण्याचे नसते.

आता त्या संशोधिकेकडे येतो. माझ्या एका विद्यार्थ्याची ही मुलगी. एम.डी. झालेली, वयाची तिशी न उलटलेली. एके दिवशी एक प्रश्नावली घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, याचे मराठी करून हवे आहे. बाबा म्हणाले, सरांशिवाय कोणी करू नये." निवृत्त प्राध्यापकाला एवढी स्तुती पुरते. मी आठ दिवस बसून ते भाषांतर केले. पहिलाच प्रश्न मी असा लिहिला होता : "गेल्या सात दिवसांत आपणास कोणत्याही सांध्यामध्ये वेदना जाणवल्या काय?" व्याकरण निर्दोष, शब्द शुद्ध. तो तिला मोठ्याने वाचूनही दाखविला.

पुढच्या आठवड्यात बेळगावजवळच्या एका खेड्यात चाचणी होती. मीही हौसेने गेलो. पहिल्याच घरी साठीच्या एक बाई भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, "नाही गे, तसलं काय नाही." डॉक्टरने 'नाही'च्या चौकटीत खूण केली. आम्ही निघालो तेव्हा निरोप देण्यासाठी त्या उठू लागल्या. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला, आणि तोंडाने "आई गं". मी न राहवून विचारले, "मावशी, हे काय?" त्या म्हणाल्या, "हे होय? गुडघे धरतात की. भांगलणीला गेलं की धरतातच. ते कुठलं दुखणं?"

या उत्तरात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही माझ्या भाषांतरात नव्हत्या. 'सांधा' हा त्यांच्या लेखी शरीराचा भाग नव्हताच. त्यांच्या शरीरात गुडघा होता, मनगट होते, खुबा होता. 'वेदना' हा शब्द त्यांनी कीर्तनात ऐकला असेल, स्वतःच्या पायाविषयी कधी वापरला नसेल. आणि जे सगळ्यांचेच होते ते दुखणे कसले, हा त्यांचा न्याय. आपल्या बोलींत या विषयाची केवढी शब्दसंपत्ती आहे! गुडघा धरतो, बोटे आखडतात, पाठीत उसण भरते, मानेत चमक येते, टाच सलते, खांदा ठणकतो, पायाला मुंग्या येतात. यातल्या प्रत्येक क्रियापदामागे वेगळी अवस्था आहे, आणि जाणत्या डॉक्टरला त्यातून निदानाची दिशा मिळू शकते. ज्या माणसाने उभे आयुष्य बोली गोळा करण्यात घालविले, त्याने प्रश्नावली लिहिताना मात्र सरकारी परिपत्रकाची भाषा वापरावी, याला काय म्हणावे?

आम्ही परत आलो आणि प्रश्न नव्याने लिहिले. आपल्या भागात तर अडचण दुहेरी. सासू कानडीत कण्हते आणि सून मराठीत उत्तर देते, अशी घरे येथे थोडी नाहीत. मराठी प्रश्नाचे कानडी भाषांतर करावे हा माझा पहिला विचार होता. डॉक्टरने मला थांबविले. या बाबतीत तिचे प्रशिक्षण चांगले झाले होते. एकाने भाषांतर करावयाचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावयाचे, दोन्ही ताडून पाहावयाचे आणि मग लोकांत जाऊन तपासावयाचे, असा शिरस्ता आहे. मराठी आणि कानडी दोन्ही रूपे स्वतंत्रपणे मुळापासून घडवावी लागली.

'सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात?' हा प्रश्न या शास्त्रात फार जुना आहे. संधिवाताभ, म्हणजे ज्याला वैद्य पुष्कळदा आमवात म्हणतात, त्या विकाराच्या १९८७ च्या अमेरिकन निकषांत सकाळी निदान एक तास ताठरपणा असणे ही एक खूण होती. २०१० च्या नव्या निकषांतून ती वगळली गेली. तरी ताठरपणाचा प्रश्न डॉक्टर अजून विचारतातच. खेड्यात मिनिटे कोण मोजतो? शेवटी आम्ही असे विचारू लागलो : चूल पेटेपर्यंत बोटे मोकळी होतात, की भाकरी थापताना अजून धरलेलीच असतात, की जेवणवेळ होते? उत्तरे भराभर येऊ लागली. माझ्या घरी सराव चालला असताना डॉक्टरने हा प्रश्न मला विचारला. मी रोगी झालो होतो. उत्तर देण्याऐवजी मी गप्प बसलो, कारण मला या शाळेचा पहिला तास आठवला. बाईंना काय झाले होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

परक्या देशांतून आलेल्या प्रश्नावल्यांची गंमत निराळीच. १९८० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे तयार झालेली एक सुप्रसिद्ध प्रश्नावली आहे. रोग्याला रोजची कामे किती जमतात हे तीत वीस प्रश्नांनी विचारले आहे. ताटातले मांस कापता येते का, दुधाचा नवा पुठ्ठ्याचा डबा उघडता येतो का, टबात बसून स्नान करता येते का? तेथे हे प्रश्न योग्यच आहेत. आपल्याकडे शाकाहारी, पितळी तांब्याने अंघोळ करणाऱ्या आजीला ते विचारले तर ती प्रश्न विचारणाऱ्याचीच प्रकृती विचारील. म्हणून भारतीय रूपांत मांडी घालून बसणे, शौचाला उकिडवे बसणे अशा क्रिया घातल्या गेल्या. शब्द बदलणे सोपे. क्रिया बदलावयाची तर माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय करतो हे पाहावे लागते. तरुण संशोधकाला महिनाभर गावात राहावयास लावावे, मग प्रश्नावली हाती द्यावी, असे मला वाटते ते यासाठी.

आपल्या भाषेच्या मुलखात हे काम फार चांगल्या रीतीने झालेले आहे, आणि आपल्याला त्याची वार्ता नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' नावाचा उपक्रम सुरू केला. गरीब देशांतील खेड्यापाड्यांत, थोड्या खर्चात, सांधेदुखीची पाहणी कशी करावी याची ती पद्धत. फिलिपाइन्स, इंडोनेशिया असे करीत ती आपल्याकडे आली. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरील भिगवण हे गाव निवडले. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहावयास लोक जातात ते हे भिगवण. तेथे प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर गेले. ज्यांनी दुखते म्हटले त्यांना सविस्तर प्रश्न विचारले; कागदावर माणसाची आकृती छापलेली, तिच्यावर दुखरी जागा दाखवावयाची. त्यानंतर डॉक्टरांनी तपासले. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८.२ लोकांना, असे काही ना काही दुखणे आढळले. संधिवाताभाचे प्रमाण मात्र शेकडा अर्धा एवढेच निघाले.

या दोन आकड्यांतील अंतराकडे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. दुखणारा माणूस पाच-सहांत एक; पण हात वाकडे करणारा तो रोग दोनशे प्रौढांत एकाला. म्हणजे संशोधकाने दोनशे माणसांशी बोलावे तेव्हा एक सापडणार, आणि उरलेल्या एकशे नव्याण्णव जणांशीही तितक्याच आस्थेने बोलावयाचे, त्यांची उत्तरे तितक्याच काळजीने लिहावयाची. त्यांच्यावाचून तो 'एक' कशातला एक, हे कळत नाही. बाई आम्हाला अपूर्णांक शिकविताना म्हणत, छेद लिहिल्याशिवाय अंश लिहू नका. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून हा छेद मिळत नाही. तेथे येतो तो ज्याला एस.टी.चे भाडे परवडते, ज्याची मजुरी बुडाली तरी चालते, ज्याच्याबरोबर यावयास घरात कोणी मोकळे आहे. सून आजारी पडली तर ती येत नाही, हे सांगावयास संख्याशास्त्र लागत नाही.

आणि नेमकी येथेच आपल्या प्रशिक्षणाची व्यवस्था तोकडी पडते. या मुलीला तिच्या पदव्युत्तर प्रबंधाच्या वेळी मार्गदर्शकांनी सांगितले होते की, गावात फिरण्यात वेळ घालवू नकोस. विभागात येणारे शंभर रोगी घे, सहा महिन्यांत तक्ते कर, पुढचे पुढे. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही; असे सांगणारे मार्गदर्शक सर्वत्र आहेत, आणि मराठीच्या विभागांतही काही कमी नव्हते. मी स्वतः एका विद्यार्थ्याला बोलीचे नमुने खेड्यात न जाता वसतिगृहातील मुलांकडून गोळा करू दिले होते. मुदत संपत आली होती. तो प्रबंध मंजूर झाला. आजही ग्रंथालयात आहे.

प्रशिक्षणाच्या सोयी वाढल्या आहेत हे मान्य केले पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम आता वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संगणकावर पूर्ण करावा लागतो. युरोपातील तरुण संधिवाततज्ज्ञांनी २००९ मध्ये स्वतःचे एक जाळे उभारले, त्यातून एका देशातील नवशिक्याला दुसऱ्या देशातील अनुभवी माणसाचा आधार मिळतो. हे सारे हवेच. पण पडद्यावर पाहून पोहणे येत नाही.

इंग्लंडमध्ये जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स या दोघांनी गेल्या शतकाच्या मध्यास जे केले ते मला प्रशिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. लँकेशायरमधील ली या खाणी-गिरण्यांच्या गावात आणि यॉर्कशायरमधील वेन्स्लीडेल या शेतकऱ्यांच्या खोऱ्यात पाहण्या झाल्या. खाणकामगारांची पाठ, गिरणीतले हात, यांची क्ष-किरण चित्रे जमली. १९५७ मध्ये त्यांनी सांध्यांच्या झिजेच्या पायऱ्या ठरविल्या. त्या आजही वापरात आहेत. हे करताना त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. तेच चित्र दोघांनी स्वतंत्रपणे पाहिले तर उत्तर एक येते का? त्याच माणसाने काही काळाने पुन्हा पाहिले तर? उत्तरे नेहमी जुळत नाहीत, हे त्यांनी छापून सांगितले. दोन परीक्षकांनी एकच उत्तरपत्रिका तपासावी आणि गुणांतला फरक जाहीर करावा, इतके धैर्य आमच्या विद्यापीठाने कधी दाखविले नाही. तरुण संशोधकाला ही सवय पहिल्या दिवसापासून लागावयास हवी. त्या चित्रांनी आणखीही एक शिकविले : ज्याचा गुडघा चित्रात पार झिजलेला दिसतो तो कित्येकदा बिनतक्रार चालतो, आणि ज्याचे चित्र स्वच्छ असते तो कण्हत असतो. मग 'रोग' कोणता मोजावयाचा, चित्रातला की माणसातला? यावर डॉक्टरांत अजून वाद होतात आणि ते ऐकताना मला साहित्यसमीक्षेतील वाद आठवतात.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण सांगतो. शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हंडिगोडू नावाचे गाव आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही शेतमजूर कुटुंबांत विचित्र आजार दिसून आला. खुबे आणि गुडघे निकामी होत, चालणे खुंटे, काहींची उंचीच वाढत नसे. ही गरीब माणसे भाताच्या खाचरांतले खेकडे खात. खाचरांत कीटकनाशके फवारली जाऊ लागली होती. संशय अगदी साहजिकच खेकड्यांवर गेला. गोष्ट कशी नीटस जुळते पाहा : गरिबी, विष, खेकडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधक तेथे गेले. कोण आजारी आहे एवढेच पाहून भागले नाही. आजाऱ्याचा बाप कोण, आई कोणत्या घरची, भावंडे किती आणि त्यांतली धडधाकट किती, हे विचारावे लागले. वंशावळ्या मांडल्यावर आजार रक्तातून उतरत असल्याचे दिसू लागले, आणि पुढील अभ्यासांनी तो आनुवंशिक अस्थिविकार असल्याचे दाखविले.

येथे भाषेच्या माणसाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी 'कझिन' या एका शब्दात आपले चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ बुडून जातात. आनुवंशिकतेच्या शोधात हे चौघे सारखे नव्हेत, त्यातून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या मुलखात तर नव्हेतच. आपली नाती सांगणारी आजी म्हणजे अर्धी वंशावळ. पण इंग्रजी तक्त्याच्या रकान्यात 'कझिन' एवढेच लिहिण्यास शिकविलेला तरुण डॉक्टर तिच्या तोंडून आलेले सोने तेथेच टाकून येतो.

आपल्या जिल्ह्यात असे काम होऊ शकत नाही, असे कोणी म्हणू नये. बाळंतपणातील रक्तस्राव थांबविण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या गोळीचा उपयोग होतो का, हे याच जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांमध्ये तपासले गेले. काम केले ते गावोगावच्या परिचारिकांनी. गोळी घेतलेल्यांत रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले, आणि हे निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात आले. परिचारिकांना नीट शिकविले तर त्या उत्तम संशोधन करतात, हे यातून दिसले. मग शहापूर-वडगावचे विणकर, जे जन्मभर मागापाशी उभे राहिले, त्यांच्या कमरांची मोजदाद का होऊ नये? २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. त्यांत वडगावातले किती, हे कोणाला ठाऊक आहे? कंबरदुखीने माणूस मरत नाही, म्हणून तिची वर्दी कोणी देत नाही. माग मात्र बंद पडतो.

एक प्रश्न त्या भांगलणीवाल्या मावशींनीच विचारला होता आणि मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. सगळे लिहून झाल्यावर त्या डॉक्टरला म्हणाल्या, "लिहून नेलंस, बरं झालं. आता परत कवा येणार?" डॉक्टरकडे उत्तर नव्हते. प्रश्नावलीत त्याची चौकट नव्हती. भिगवणची पाहणी चांगली ठरली याचे एक कारण, पाहणी करणारे तेथे उपचारासाठी पुन्हा येत राहिले. प्रशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात 'परत जाणे' हा धडा मला दिसला नाही, आणि तो नसेल तर दुसऱ्या वर्षी त्या गावात दारे उघडत नाहीत, हे मी बोली गोळा करताना स्वतः अनुभवले आहे.

ती डॉक्टर परत गेली. दुसऱ्या खेपेस तिने मावशींचे गुडघे तपासले, काही व्यायाम दाखविले, आणि पहिल्या कागदावरची 'नाही'ची खूण तशीच ठेवून नव्या कागदावर 'होय' लिहिले. जुना कागद फाडला नाही. चुकीचा प्रश्न विचारला तर किती माणसे हुकतात, हे तिला त्यावरून मोजावयाचे आहे. दिवाळीनंतर तिची पुढील पाहणी तीन गावांत सुरू होते. तिला मराठी आणि कानडी दोन्ही घरासारख्या बोलणाऱ्या, सकाळच्या वेळी चार तास देऊ शकणाऱ्या आणि ऐकून घेण्याची सवय असलेल्या दहा जणांची गरज आहे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. प्रश्न कसे विचारावयाचे हे ती आठवडाभर शिकविणार आहे, आणि रोगी म्हणून सरावाला बसण्याचे काम तिने याही वेळी माझ्याकडेच दिले आहे.